पाठवणारा कोण, हे कुणाला दिसतं? हिंगण्याच्या एका कारखान्यातलं मेल-गाळणीचं प्रकरण

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात उन्हाळ्याच्या तोंडावर मी मेल सर्व्हरपुढे स्पॅम गाळणारी प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रणाली, बसवली. काम तसं दोन दिवसांचं होतं. पुरं व्हायला पाच आठवडे लागले आणि मधल्या दीड दिवसात कारखान्याचा सर्व्हर जगभरच्या स्पॅमवाल्यांना मोकळा मिळाला. चूक माझी होती. ती कशी झाली, कशी सापडली आणि नंतर मांडणी कशी बदलली, हे सगळं इथे सविस्तर लिहितोय. या चुकीला जे तीन तुकडे लागले ते बहुतेक छोट्या ऑफिसांत हजर असतात: एक व्हर्च्युअल मशीन, फायरवॉलचा एक घाईत लिहिलेला नियम आणि एक जुना स्कॅनर.

जागेवर काय होतं

कारखाना यंत्रांचे सुटे भाग बनवतो. ४२ मेलबॉक्स, त्यातले बरेचसे खरेदी, विक्री आणि लेखा विभागाचे. एका जुन्या मशीनवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) चालत होते. मेल यायचे, जायचे, पण गाळणी म्हणावी अशी काहीच नव्हती. विक्रीच्या मेलबॉक्समध्ये सकाळी शंभर मेल असले तर कामाचे पंधरा. मालकांना सगळे काका म्हणतात. पहिल्याच भेटीत त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं: "चौकशीचा मेल आला होता बावा, पोरीला तीन दिवसांनी दिसला. तोवर ऑर्डर बुटीबोरीच्या कारखान्याला गेली."

सगळे मेलबॉक्स बाहेरच्या मोठ्या मेलसेवेवर न्यावेत, हा पर्याय मी आधी ठेवला. बऱ्याच छोट्या कंपन्यांना तोच योग्य असतो, आणि असं सांगताना मला कमीपणा वाटत नाही. इथे मात्र ग्राहकांच्या ड्रॉइंग्ज आवारातल्याच सर्व्हरवर राहाव्यात अशी दोन मोठ्या ग्राहकांची लेखी अट होती. त्यामुळे सर्व्हर जागेवरच ठेवायचा आणि त्याच्यापुढे गाळणी उभी करायची, असं ठरलं.

नवीन मशीन घेतलं, त्यावर डेबियन लिनक्स आणि व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम. त्याच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशीन. एकावर पोस्टफिक्स-डव्हकॉट, म्हणजे खरा मेल सर्व्हर. दुसऱ्यावर एएसएसपी, म्हणजे अँटी-स्पॅम एसएमटीपी प्रॉक्सी. ही पर्लमध्ये लिहिलेली मुक्त प्रणाली आहे. तिचं सगळं नियंत्रण ब्राउझरमधून ५५५५५ या पोर्टवर होतं.

प्रॉक्सी का, गेटवे का नाही

हे नीट समजून घेतलं की पुढचं प्रकरण सोपं जातं.

मेल गाळण्याच्या दोन तऱ्हा आहेत. गेटवे मेल स्वतःच्या ताब्यात घेतो, "मिळाला" असं पाठवणाऱ्याला सांगतो, आपल्या रांगेत ठेवतो, तपासतो आणि मग मागच्या सर्व्हरकडे देतो. टपाल कार्यालयासारखं. प्रॉक्सी असं काही ताब्यात घेत नाही. ती दारावर उभी राहते. बाहेरचा सर्व्हर जे बोलतो ते जसंच्या तसं आतल्या सर्व्हरला सांगते, आतलं उत्तर बाहेर देते आणि हे संभाषण चालू असतानाच मजकूर तपासते. पाठवणारा कोण, घेणारा कोण, मजकूर काय, हे एसएमटीपीचे (मेल पाठवण्याच्या नियमावलीचे) टप्पे एकाच संभाषणात पार पडतात.

याचे दोन फायदे मला मोलाचे वाटतात. पहिला असा की कारखान्यात नसलेल्या पत्त्यावर मेल आला तर आतला पोस्टफिक्स तिथल्या तिथे ५५०, म्हणजे "असा पत्ता नाही", म्हणतो आणि ते उत्तर पाठवणाऱ्या सर्व्हरपर्यंत लगेच पोचतं. गेटवेला आतले पत्ते माहीत नसतील तर तो मेल आधी स्वीकारतो, मग आतून नकार येतो, मग तो "पोचला नाही" अशी चिठ्ठी पाठवायला निघतो. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, त्यामुळे ती चिठ्ठी जाते भलत्याच निरपराध माणसाकडे. अशा चिठ्ठ्यांचा पूर आला की आपलाच सर्व्हर बदनाम होतो.

दुसरा फायदा खऱ्या माणसाच्या बाजूचा आहे. एखाद्या खऱ्या ग्राहकाचा मेल चुकून अडला, तर तो गुपचूप कुठल्या फोल्डरमध्ये कुजत पडत नाही. संभाषणातच नकार मिळाल्यामुळे त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो की मेल गेला नाही. मग तो फोन उचलतो. काकांची तीन दिवसांनी सापडलेली चौकशी डोळ्यांपुढे होती, म्हणून मी प्रॉक्सीवर ठाम होतो आणि अजूनही आहे.

पण प्रॉक्सीची किंमत मोजावी लागते. जोडणी बाहेरून प्रॉक्सीपर्यंत एक आणि प्रॉक्सीपासून आतपर्यंत दुसरी. आतल्या पोस्टफिक्सला प्रत्येक मेल प्रॉक्सीच्याच आयपी पत्त्यावरून आलेला दिसतो. बंगळूरूचा ग्राहक असो की स्पॅमवाला, आत दिसणारा चेहरा एकच. म्हणजे पाठवणाऱ्याचा खरा पत्ता ओळखण्याची सगळी जबाबदारी एकट्या प्रॉक्सीवर येते. तिच्या डोळ्यांवरही पट्टी बांधली गेली तर ओळखणारं कुणी उरत नाही. माझ्या हातून तेच झालं.

शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

केव्हीएमवर व्हर्च्युअल मशीन तयार केलं की लिबव्हर्ट, म्हणजे त्याची व्यवस्था पाहणारी प्रणाली, त्याला आपोआप एका आतल्या नेटवर्कवर टाकतं: १९२.१६८.१२२.० चा पट्टा, यजमानाचा, म्हणजे ज्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन आहेत त्या मशीनचा, पत्ता १९२.१६८.१२२.१. हे नेटवर्क नॅटवर चालतं. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत थेट येता येत नाही. वेब ब्राउझ करणाऱ्या मशीनला एवढं पुरतं. ज्याच्याकडे जगाने यायचं आहे अशा मेल मशीनला पुरत नाही.

तेव्हाच ब्रिज, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला ऑफिसच्या नेटवर्कशी थेट जोडणारा पूल, बनवायला हवा होता. ब्रिज बनवताना यजमानाचं चालू नेटवर्क काही मिनिटं जातं, आणि त्याच यजमानावर हिशेबाचं सॉफ्टवेअरही चालू होतं. मार्चअखेरची गडबड होती, लेखा विभागातल्या ताई रात्री आठपर्यंत बसत होत्या. म्हणून मी पळवाट काढली. राउटरवरून पोर्ट २५ (बाहेरचे मेल येण्याचं दार) यजमानाकडे, यजमानाच्या फायरवॉलमधून ते प्रॉक्सीच्या व्हर्च्युअल मशीनकडे. लिबव्हर्ट अशा येणाऱ्या जोडण्या मुळात नाकारतं, म्हणून त्याच्या नियमांच्या आधी परवानगीचा एक नियम घातला. मेल येऊ लागले.

मग ऑफिसातल्या संगणकांवरून एक अडचण आली. आउटलुकमध्ये मेल सर्व्हरचं सार्वजनिक नाव घातलेलं होतं आणि आतूनच बाहेर जाऊन परत आत येणारी ती वाट जुळत नव्हती. उत्तर जायचं एका वाटेने, यायचं दुसऱ्या. त्यावर फायरवॉलमध्ये एक ओळ लिहिली: यजमानातून पुढे जाणाऱ्या प्रत्येक जोडणीचा मूळ पत्ता बदलून यजमानाचाच लाव. मास्करेड. अडचण लगेच सुटली, सगळे संगणक जोडले गेले. "प्रत्येक" हा शब्द मी त्या वेळी पुरेसा वाचला नाही.

त्या ओळीनंतर बाहेरून येणारी जोडणीही प्रॉक्सीला १९२.१६८.१२२.१ वरून आलेली दिसू लागली.

आता स्कॅनर. पहिल्या मजल्यावर एक जुनं मल्टिफंक्शन यंत्र आहे, कागद स्कॅन करून थेट मेल करतं. त्याला लॉगिन-पासवर्ड जमत नाही. त्याच्यासाठी मी एएसएसपीच्या "ॲक्सेप्ट ऑल मेल" या रकान्यात १९२.१६८. असा अख्खा पट्टा लिहिला होता. या रकान्यातल्या पत्त्यांना एएसएसपी घरची माणसं समजते: गाळणी लावत नाही आणि जगात कुठेही मेल पाठवू देते. मागे पोस्टफिक्सच्या "मायनेटवर्क्स" मध्येही १९२.१६८.१२२.० चा पट्टा होता, म्हणजे प्रॉक्सीकडून येईल ते विश्वासाचं.

तीन तुकडे जुळले. जगातला प्रत्येक माणूस घरचा झाला.

शनिवारी संध्याकाळी पोर्ट उघडलं, चार मेल पाठवून पाहिले, चारही पोचले. मेल पोचतो का एवढंच मी पाहिलं. जो पोचू नये तो अडतो का, हे पाहिलं नाही. उघडा रिले, म्हणजे कुणाचाही मेल कुठेही पोचवणारा सर्व्हर, शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर चोवीस तास दारं ठोठावत असतात. लॉगनुसार पहिली चाचणी त्यांनी त्याच रात्री केली आणि रविवारी पहाटेपासून लोंढा सुरू झाला.

सोमवारी सकाळी साडेनऊला विक्रीच्या भाऊंचा फोन आला: "भाऊ, आपले मेल काहून परत येऊन राहिले? पुण्यावाल्यांचा सर्व्हर घेऊनच नाही राहिला."

मी सीताबर्डीवर होतो. गाडी बाजूला घेऊन फोनवरूनच लॉगिन केलं. पोस्टफिक्सच्या रांगेत वीस हजारांच्या वर मेल अडकलेले होते आणि एकाही पाठवणाऱ्याशी कारखान्याचा संबंध नव्हता. प्रॉक्सीचा लॉग उघडला. ओळीमागून ओळ, पत्ता एकच: १९२.१६८.१२२.१. ते पाहिल्यावर पुढचं काही शोधावं लागलं नाही.

आवरताना

पहिल्यांदा राउटरवरचं पोर्ट २५ बंद केलं. मग पोस्टफिक्सच्या "पोस्टसुपर" या आज्ञेने सगळी रांग थांबवून ठेवली. रांग सरसकट पुसण्याचा मोह होतो, कारण ती पाहून हात थरथरतात. पण त्या ढिगाऱ्यात कारखान्याचे सकाळपासूनचे खरे मेलही होते. माणसांचे मेल पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून आलेले असतात, त्यामुळे लॉगमधून त्यांचे रांग-क्रमांक काढता आले. तेवढे सोडवले, उरलेले पुसले.

तोवर कारखान्याचा सार्वजनिक आयपी पत्ता स्पॅमहाऊस या संस्थेच्या काळ्या यादीत (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत) गेला होता, आणि तो तिथे जाणं रास्तच होतं. मूळ चूक दुरुस्त न करता यादीतून नाव काढायला सांगितलं की ते पुन्हा चढतं आणि पुढच्या वेळी जास्त दिवस राहतं. म्हणून आधी दुरुस्ती, मग विनंती. दरम्यानचे तीन दिवस विक्रीचे महत्त्वाचे मेल काकांच्या पुतण्याने स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठवले. प्रत्येक ग्राहकाला आधी फोन करून, हा मेल आमचाच आहे असं सांगून.

आणखी एक नुकसान दिसायला उशीर झाला. एएसएसपी घरच्या माणसांनी ज्यांना मेल पाठवला त्या पत्त्यांची आपोआप पांढरी यादी (विश्वासाच्या पत्त्यांची) करते, आणि घरचे मेल "स्पॅम नसलेले" म्हणून शिकण्यासाठी साठवते. त्या दीड दिवसात हजारो अनोळखी पत्ते पांढऱ्या यादीत गेले होते आणि स्पॅमचे गठ्ठे चांगल्या मेलच्या फोल्डरमध्ये साठले होते. गाळणी उलटं शिकली होती.

इथे दोन वेगळ्या मशीनचा उपयोग झाला. प्रॉक्सीच्या व्हर्च्युअल मशीनवर कुणाचाही मेल राहत नाही, म्हणून तिचा शनिवार दुपारचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, बेधडक परत लावला. पांढरी यादी आणि शिकवण दोन्ही साफ. मेल सर्व्हरच्या मशीनला हाच उपाय केला असता तर शनिवारनंतर आलेला प्रत्येक खरा मेल गेला असता. बाहेरच्या सर्व्हरला "मिळाला" असं आधीच सांगितलेलं असतं, तो परत पाठवत नाही. मेल जिथे साठतो त्या मशीनचा स्नॅपशॉट अपग्रेडच्या आधी काढावा, अपग्रेड ठीक झालं की पुसावा, आणि त्याला बॅकअप म्हणू नये.

पुन्हा मांडणी

मार्च संपल्यावर एका सुट्टीच्या दिवशी ब्रिज बनवला. यजमानाचं नेटवर्क कार्ड त्या ब्रिजला जोडलं, आणि प्रॉक्सीच्या मशीनला ऑफिसच्या नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मिळाला. राउटर आता पोर्ट २५ थेट तिच्याकडे देतो, मधल्या कुठल्याही टप्प्यावर मूळ पत्ता बदलत नाही. मास्करेडची ओळ काढली. ऑफिसातल्या संगणकांसाठी आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) मेल सर्व्हरच्या नावापुढे आतलाच पत्ता लिहिला. हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं, तीन मिनिटांचं काम आहे.

प्रॉक्सी आणि पोस्टफिक्स यांच्यामध्ये लिबव्हर्टचं वेगळं, बाहेर कुठेही न जाणारं नेटवर्क टाकलं. पोस्टफिक्सच्या "मायनेटवर्क्स" मध्ये आता फक्त १२७.०.०.० चा पट्टा आहे, म्हणजे तो स्वतः. प्रॉक्सीवरसुद्धा विश्वास नाही. पोर्ट २५ वर तिच्याकडून आलेला मेल कारखान्याच्या डोमेनसाठी असेल तरच घ्यायचा. प्रॉक्सी पुन्हा कधी फसली तरी आतलं दार बंद राहावं, हा उद्देश. कर्मचारी मेल पाठवतात ते ५८७ वर लॉगिन करून. स्कॅनरसाठी पोस्टफिक्समध्ये एक वेगळं पोर्ट उघडलं, त्यावर त्या एका यंत्राच्या एकाच पत्त्याला परवानगी.

मग ती चाचणी केली जी शनिवारी केली नव्हती. बाहेरच्या एका भाड्याच्या सर्व्हरवरून पोर्ट २५ वर टेलनेट, पाठवणारा परका, घेणारा परका. उत्तर आलं नकाराचं, आणि प्रॉक्सीच्या लॉगमध्ये त्या भाड्याच्या सर्व्हरचा खरा पत्ता दिसला. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. नकार दुसऱ्या एखाद्या कारणानेही मिळू शकतो. खरा पत्ता दिसला तरच प्रॉक्सीचे डोळे उघडे आहेत असं म्हणता येतं. यानंतर यादीतून नाव काढण्याची विनंती केली आणि ते निघालं.

आतल्या सर्व्हरला सगळे एकाच चेहऱ्याचे दिसतात, या एका गोष्टीतून पुढे आणखी तीन कामं निघाली. मेल सर्व्हरवर फेलटूबॅन होतं. चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याचा पत्ता ते अडवतं. पोर्ट २५ वर कुणी प्रॉक्सीमार्फत पासवर्ड आजमावले तर ते प्रॉक्सीलाच अडवेल आणि कारखान्याचे सगळे मेल थांबतील. म्हणून २५ वर लॉगिनची सोयच बंद केली आणि फेलटूबॅनला प्रॉक्सीचा पत्ता कायमचा वगळायला सांगितला. पोस्टफिक्स एका पत्त्याला एका वेळी मुळात ५० जोडण्या देतो. सगळं जग एकाच पत्त्यावरून येणार असेल तर ही मर्यादा प्रॉक्सीपुरती वाढवणं भाग होतं. आणि एसपीएफची तपासणी (त्या डोमेनचा मेल पाठवायची परवानगी त्या पत्त्याला आहे का), काळ्या याद्या, हे सगळं आतून काढून फक्त प्रॉक्सीवर ठेवलं. आत त्याला अर्थच नाही.

लॉगचंही तसंच. खरा पत्ता प्रॉक्सीच्या लॉगमध्ये, मेलचं पुढे काय झालं ते पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये. दोन्हींची सांगड वेळेवरून घालायची, म्हणून दोन्ही मशीनची घड्याळं सेकंदापर्यंत जुळायला हवीत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणं आणि लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवणं सांगितलेलंच आहे. दोन्ही केलं.

काळ्या याद्यांनी एक वेगळाच धडा दिला. सुरुवातीला एएसएसपी चाचणी-अवस्थेत ठेवली होती, म्हणजे संशय आला तरी मेल अडवायचा नाही, विषयाच्या आधी फक्त खूण लावायची. पहिल्याच दिवशी जवळजवळ प्रत्येक मेलवर खूण आली. काळ्या यादीला "हा पत्ता आहे का" हा प्रश्न डीएनएसमार्फतच विचारला जातो, आणि ऑफिसचा राउटर डीएनएससाठी गूगलचा ८.८.८.८ वापरत होता. स्पॅमहाऊस अशा सार्वजनिक डीएनएस सर्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नाला १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. त्याचा अर्थ "असं विचारू नका" इतकाच. मी लिहिलेल्या सेटिंगमध्ये १२७ ने सुरू होणारं कुठलंही उत्तर "यादीत आहे" असं धरलं जात होतं. प्रॉक्सीच्या मशीनवरच अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस सर्व्हर बसवला, प्रश्न थेट विचारले जाऊ लागले, आणि कुठलं उत्तर कशासाठी हे सेटिंगमध्ये नेमकं लिहिलं. चाचणी-अवस्था नसती तर त्या दिवशी जवळजवळ एकही मेल आत आला नसता.

मेमरीचं थोडक्यात सांगतो. प्रॉक्सीच्या मशीनला दोन जीबी दिली होती. तिच्यावरचं विषाणू शोधणारं क्लॅमएव्ही विषाणूंची नवी यादी लोड करताना जुनी सोडत नाही, काही वेळ दोन्ही मेमरीत असतात. रोज यादी आली की मशीनची मेमरी संपायची आणि लिनक्स नेमकी प्रॉक्सीच मारून टाकायचं. चार जीबी केली, थांबलं.

मराठी पत्रं आणि बँकेचे ओटीपी

खूण लावण्याच्या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त मदत लेखा विभागातल्या ताईंची झाली. त्या रोज संध्याकाळी चुकीची खूण लागलेले मेल एएसएसपीच्या "नॉटस्पॅम" पत्त्यावर पाठवायच्या. त्यातून एक गोष्ट समोर आली जी इंग्रजी माहितीपत्रकांत मला कधी दिसली नव्हती.

चुकीची खूण लागलेल्या मेलमध्ये मराठी पत्रं फार होती. औद्योगिक वसाहतीच्या संघटनेची सूचना, कामगार संघटनेचं निवेदन, एका वाहतूकदाराचं देवनागरीत टाइप केलेलं बिलाचं पत्र. गाळणी शिकते ती बेझची पद्धत शब्दांच्या हिशेबावर चालते: एखादा शब्द आजवरच्या स्पॅममध्ये किती वेळा आला आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा. मी शिकवण्यासाठी घेतलेले चांगले मेल विक्री विभागाचे होते, म्हणजे बहुतेक इंग्रजी. स्पॅमच्या ढिगात मात्र देवनागरी भरपूर होती, कर्जाची, लॉटरीची, नोकरीची, हिंदी आणि मोडक्यातोडक्या मराठीतली. त्यामुळे गाळणीच्या लेखी देवनागरी अक्षर दिसलं की संशय.

उपाय साधा, पण हाताने करण्याचा. ताई आणि कामगार अधिकारी यांच्या मेलबॉक्समधून गेल्या दोन वर्षांची मराठी पत्रं काढून चांगल्या मेलच्या फोल्डरमध्ये टाकली आणि शब्दांचा हिशेब नव्याने बांधला. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली काही पत्रं होती. ती मेलमध्ये इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कालवा दिसतात आणि माणसालाही वाचता येत नाहीत, तर गाळणीला काय येणार. त्या दोन पाठवणाऱ्यांचे पत्ते सरळ पांढऱ्या यादीत घातले. यानंतर मराठी मेलवरच्या चुकीच्या खुणा जवळजवळ थांबल्या. मराठीत व्यवहार करणाऱ्या कुणीही गाळणी बसवली तर शिकवणीच्या ढिगात मराठी पत्रं पहिल्या दिवसापासून असू द्यावीत. आपल्या भाषेकडे मशीन संशयाने पाहतं ते आपण तिला दुसरं काही दाखवलंच नाही म्हणून.

ओटीपीचा घोळ वेगळा. एएसएसपीत अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा "थोड्या वेळाने या" असं सांगण्याची सोय आहे. खरा मेल सर्व्हर परत येतो, स्पॅम पाठवणारे बरेच प्रोग्रॅम येत नाहीत. युक्ती चांगली आहे, पण बँकेचा ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो, आणि मोठ्या सेवांचे सर्व्हर दुसऱ्या खेपेला वेगळ्याच पत्त्यावरून येतात, म्हणजे पुन्हा अनोळखी. ताईंना एका दुपारी तीनदा ओटीपी मागवावा लागला आणि भरणा राहिला. ज्यांचं एसपीएफ बरोबर ठरतं त्यांना थांबवायचं नाही, असं केलं.

जाणारे मेलही आता प्रॉक्सीतून फिरवून पोस्टफिक्सकडे परत आणतो आणि मग बाहेर सोडतो. वळसा वाटतो, पण कारखान्याने ज्याला एकदा मेल लिहिला त्याचा पत्ता त्यामुळे आपोआप पांढऱ्या यादीत जातो. अशा धंद्यात ओळखीचे ग्राहक मोजके असतात आणि तेच महत्त्वाचे असतात. माझ्या मते एएसएसपीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. एक अट: पांढऱ्या यादीतल्या नावाने कुणी खोटा मेल पाठवला तर तो एसपीएफमध्ये अडला पाहिजे. पांढऱ्या यादीलाही ती तपासणी सुटू दिलेली नाही.

दुसऱ्या एमएक्सचा प्रश्न

एप्रिलच्या शेवटी काकांनी विचारलं, "लाइट गेली आन् मशीन बंद पडलं, तर मेल कुठे जातील?" प्रश्न रास्त होता. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, ट्रान्सफॉर्मर धडाधड जातात आणि यूपीएस काही तासांचा. इंटरनेट पुरवठादाराने दुसरा एमएक्स, म्हणजे डोमेनचे मेल घेणारा राखीव सर्व्हर, देऊ केला होता: आपला सर्व्हर बंद असला की मेल त्यांच्याकडे साठतील, नंतर आपल्याकडे येतील.

मी नको म्हणालो. स्पॅमवाले मुद्दाम दुसऱ्या एमएक्सवर मेल टाकतात, कारण तिथे गाळणी बहुधा ढिली असते. शिवाय तिथून येणारा प्रत्येक मेल आमच्या प्रॉक्सीला पुरवठादाराच्या पत्त्यावरून आलेला दिसणार. शनिवारी रात्री जे झालं तेच, फक्त मधला माणूस बदललेला. एएसएसपीत अशा पत्त्यांसाठी वेगळा रकाना आहे, मग ती मेलच्या मथळ्यातून खरा पत्ता शोधते. पण जिथे गरजच नाही तिथे ती गुंतागुंत कशाला? एसएमटीपीच्या नियमांत, आरएफसी ५३२१ मध्ये, पाठवणाऱ्या सर्व्हरने मेल पोचला नाही तर किमान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहावं असं लिहिलेलं आहे. आमचं मशीन बंद असेल तर मेल पाठवणाऱ्याकडेच सुरक्षित थांबतो.

काकांचा यावर विश्वास बसला नाही, आणि का बसावा. म्हणून करून दाखवलं. पुण्यातल्या आणि राजकोटच्या दोन ग्राहकांना आधी सांगून ठेवलं, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन वाजता दोन्ही व्हर्च्युअल मशीन बंद केली. ग्राहकांनी रविवारी मेल पाठवले. सोमवारी सकाळी सात वाजता आधी मेल सर्व्हर चालू केला, मग प्रॉक्सी. काका खुर्ची ओढून शेजारी बसले होते, तर्रीपोह्याची प्लेट हातात. सात वाजून चौदा मिनिटांनी राजकोटचा मेल आला. लॉगमध्ये त्यांच्या सर्व्हरचा खरा पत्ता होता, काकांना त्या ओळीवर बोट ठेवून दाखवला. पुण्याचा यायला आठ वाजले, तोवर ते उठले नाहीत.